सील शाबूत

"सहावा खण झाला. चांदी, एकशे अठ्ठेचाळीस नग, वजन बरोबर." दीपमालानं रजिस्टरात पेन्सिलीनं खूण केली आणि चष्मा वर सरकवला. "आता सातवा, सर."

"सातवा मी उघडणार," केशव लासूरकर म्हणाले.

"उघडा ना. चार्ज तुमचाच आहे अजून. चार वाजेपर्यंत."

ती हे चेष्टेनं म्हणाली की नियमानुसार, हे लासूरकरांना कळलं नाही. त्यांच्या जागेवर आलेली ती आठ दिवस त्यांच्यासमोर बसून संग्रहालयातली नाणी मोजून घेत होती आणि आठही दिवस त्यांना ते कळलं नव्हतं. दीपमाला पिशोरची, शेतकऱ्याची पोर. बडोद्याला जाऊन संग्रहालयशास्त्र शिकून आलेली. हातात निळे रबरी मोजे घालून नाणं उचलायची. लासूरकरांनी तीस वर्षं नाणी उघड्या चिमटीत धरली होती. नाण्याला बोट कळतं, असं ते पाहुण्यांना सांगत.

आज एकतीस मे. सरकारात अर्धी माणसं एकतीस मेलाच निवृत्त होतात, कारण शाळेत घालताना बापानं एक जून ही तारीख ठोकून दिलेली असते. लासूरकरांची जन्मतारीख मात्र खरीच एक जून होती. हे ते आवर्जून सांगायचे. कुणी विश्वास ठेवत नसे.

फोन वाजला. घरून प्रमोदिनीबाई होत्या.

"शाल लोकरीची नको म्हणावं त्यांना. मे महिना आहे. मागे जोशींना दिली ती अजून पेटीत पडलीय."

"मी कसं सांगणार? सत्कार माझाच आहे."

"मग सर्जेरावांना सांगायला लावा. आणि आज टँकर येणारे, पाच वाजेपर्यंत घरी या. मला एकटीला पाइप धरवत नाही."

सर्जेराव शिपाई दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "शाल आणली बी, साहेब. लोकरीचीच हाय. नानासाहेबांच्या मेव्हण्याचं दुकान हाय नव्हं उस्मानपुऱ्यात."

नानासाहेब म्हणजे कार्यालयाचे अधीक्षक. मेव्हणा म्हणजे खरेदीचं धोरण. लासूरकरांनी विषय सोडला आणि कपाटाकडे वळले.

हे कपाट म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचं सार. सरकारनं नाण्यांना लोखंडी कपाटं दिली होती, करड्या रंगाची, दार उघडताना किंचाळणारी. सातवाहनांची नाणी तहसील कचेरीतल्या सातबाऱ्यांसारखी ठेवायची, ही कल्पना लासूरकरांना सहन झाली नाही. अकरा वर्षं पत्रव्यवहार करून त्यांनी सागवानी कपाट मंजूर करून घेतलं. आतून प्लायवूड, वर तीन हात व्हार्निश, खणात हिरवी मखमल, प्रत्येक नाण्याला त्याच्या मापाचा खळगा. धुळीचा कण जाऊ नये म्हणून प्रत्येक खणाला भोवताली रबराची पट्टी. सुताराला त्यांनी तीनदा पट्टी काढून परत बसवायला लावली होती. वारासुद्धा जाता कामा नये, म्हणाले होते.

सातव्या खणात एकच खळगा होता.

त्यात इसिसेन होता.

शिशाचं नाणं, करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं. चौऱ्याण्णव साली वेरूळच्या रस्त्याला विहीर खणताना दोनशेभर नाण्यांचं मडकं निघालं, त्यातलं. बाकीची नाणी ओळखीच्या राजांची. हे एकच अनोळखी. एका बाजूला हत्ती, दुसरीकडे ब्राह्मी अक्षरं, मधली झिजलेली. पुढचं 'इसि' दिसायचं, शेवटचा 'न' दिसायचा. लासूरकरांनी सहा वर्षं भिंगाखाली डोळे फोडून मधलं अक्षर लावलं: इसिसेन. कुठल्याही यादीत नसलेला राजा. ज्या दिवशी हे नाव छापून येईल, त्या दिवसापासून ते जिथं जिथं येईल तिथं कंसात 'लासूरकर' येणार होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. पदोन्नती मिळाली नाही, मुलगा परदेशी जाऊन परतला नाही, घरात आठ दिवसांनी पाणी येतं, हे सगळं त्यांनी त्या कंसाच्या भरवशावर सोसलं होतं.

चारशे बारा पानांचा ग्रंथ तयार होता. प्रकाशक फक्त मुखपृष्ठासाठी नाण्याच्या फोटोची वाट पाहत होता. फोटो आजवर काढलाच नव्हता. फोटो काढला की फोटोग्राफर पाहणार, फोटोग्राफरनं पाहिलं की पुण्याला कळणार. दोन हजार अकरा साली पुण्याचे एक प्राध्यापक आलेच होते, सातव्या खणासमोर जरा जास्तच रेंगाळले. ते गेल्या गेल्या लासूरकरांनी खणाला लाख लावली, त्यावर स्वतःच्या सहीची चिठ्ठी चिकटवली आणि रजिस्टरात लिहिलं: अभ्यासाधीन, उघडू नये.

त्यानंतर दरवर्षी मार्चमध्ये पडताळणी झाली. पडताळणी अधिकारी यायचा, सील पाहायचा, 'सील शाबूत' असं लिहायचा, चहा प्यायचा, जायचा. आत काय आहे हे पाहण्याची सोय नव्हती, कारण पाहिलं असतं तर सील शाबूत राहिलं नसतं. अशा तेरा नोंदी होत्या. कार्यालयात इतकी निर्दोष नोंद दुसऱ्या कुठल्याही वस्तूची नव्हती.

लासूरकरांनी सुरीनं लाख फोडली. खण घट्ट बसला होता. रबर चिकटलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. एक आंबूस वास आला, लोणच्याची बरणी उघडल्यासारखा.

खळग्यात पांढरी भुकटी होती.

त्यांनी खण आणखी ओढला. मग पूर्ण बाहेर काढला. खाली पाहिलं, मागे पाहिलं. माणूस चष्मा हरवल्यावर पाहतो तसं.

"सर्जेराव," ते म्हणाले, "उंदीर झालेत का इथं?"

"उंदीर शिसं कामून खाईल, साहेब?"

दीपमाला पुढं आली. तिनं वाकून पाहिलं. लासूरकर भुकटीकडे बोट नेऊ लागले तसा तिनं त्यांचा हात धरला. "हात लावू नका सर. विषारी असतं हे."

"नाणं कुठंय?"

"हेच नाणं आहे."

मग तिनं सांगितलं. आवाजात शिकवण्याचा सूर येऊ नये याची ती काळजी घेत होती, त्यामुळे ते अधिकच शिकवल्यासारखं वाटलं. लाकडातून, प्लायवूडमधून, व्हार्निशमधून आंबट वाफ निघते. चांदीला ती काही करत नाही. शिशाला खाते. खण उघडत-मिटत राहिला असता तर वाफ निघून गेली असती. निदान सुरुवातीलाच डाग दिसले असते. इथं ती तेरा वर्षं कोंडून राहिली.

"लोखंडी कपाटात असतं तर?" लासूरकरांनी विचारलं.

दीपमालानं मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात करडं कपाट उभं होतं. त्यातली लासूरकरांनी कधी ढुंकून न पाहिलेली शिशाची दोनशे नाणी तिनं मंगळवारीच मोजून घेतली होती. सगळी ठणठणीत होती.

"वजन करावं लागेल," ती म्हणाली.

तिनं भुकटी पातळ पत्र्यावर घेऊन काट्यावर ठेवली. रजिस्टरात नाण्याचं वजन सात ग्रॅम एक दशांश होतं. काटा आठ ग्रॅम सहा दशांशावर थांबला.

"वाढलं कसं काय?" सर्जेराव म्हणाला.

"हवेतलं काही काही घेतं ते."

"मंग घट नाय. ऑडिटवाले काय बोलायचे नायत, साहेब. घट असली तरच बोलत्यात."

त्याला धीरच द्यायचा होता.

लासूरकर खुर्चीवर बसले. त्यांच्याजवळ डायरीत पेन्सिलीचं चित्र होतं, पण पेन्सिलीनं कुणीही कुठलाही राजा काढू शकतो. अठराशे वर्षं मातीत टिकलेला माणूस त्यांच्या मखमलीत तेरा वर्षं टिकला नव्हता. ते असं काहीतरी म्हणणार होते, पण दीपमाला कपाटाच्या वरच्या फायली उतरवत होती.

"सर, या खणाशी जोडलेली एक फाइल आहे. बाहेरून आलेल्या नाण्यांचे अभिप्राय. हीसुद्धा चार्जमध्ये येते." तिनं पानं उलटली आणि एका पानावर थांबली. "फेब्रुवारी दोन हजार बारा. कडूबाई, राहणार पिशोर."

लासूरकरांनी डोळे मिटले.

त्यांना ती दुपार स्पष्ट आठवत होती. सत्तरीची बाई, एसटीनं आलेली. पदराची गाठ सोडून तिनं टेबलावर एक नाणं ठेवलं. शेत सपाट करताना सापडलं म्हणाली. शिसं, हत्ती, आणि मागे ब्राह्मी, एकही अक्षर न झिजलेलं. इ-सि-से-न. त्यांचं वाचन अक्षरशः बरोबर होतं. त्या क्षणी केशव लासूरकर या शहरातला सर्वांत सुखी माणूस होता, आणि हे सुख साधारण दोन मिनिटं टिकलं. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की हे नाणं अस्सल ठरवलं तर ते कलेक्टरकडे जाणार, तिथून मुंबईला, मुंबईहून पुण्याला. इसिसेनाच्या नावापुढच्या कंसात कुणीतरी 'पिशोर' लिहिणार.

त्यांनी लिहिलं: 'आधुनिक बनावट. पुरातत्त्वीय मूल्य शून्य.' सही केली, शिक्का मारला. नियमाप्रमाणे फोटो काढला आणि कार्यालयीन प्रतीला टाचला. घरच्या नाण्याचा फोटो निघाला नव्हता, पण खोट्याचा काढणं बंधनकारक होतं.

"खोटं हाय व्हय, साहेब?" बाई म्हणाली होती. "मातीत कोन खोटं पुरून ठिवंल?"

"ठेवतात," ते म्हणाले होते. ग्रंथ आला की सगळं दुरुस्त करू, असं त्यांनी ठरवलं होतं. शिशाला काय होतंय.

"कडूआजी आमच्या गल्लीतली," दीपमाला म्हणत होती. तिनं फोटो उजेडाकडे धरला होता. "हे पत्र घेऊन गावात आली तर लोकांनी पार नकोसं केलं तिला. साहेबाला फसवायला गेली, म्हणून. लग्नात पंगतीला बसली की पोरं म्हणायची, आजी, आहेराला तुझं नाणं काढ. सून तर मरेस्तोवर बोलायची. शेवटी तिनं ते गवंड्याला देऊन टाकलं. त्यानं वितळवून ओळंब्यात ओतलं. आमच्या शाळेची भिंत त्याच ओळंब्यानं बांधलीय."

सर्जेराव हसला, मग दोघांकडे पाहून दाराकडे सरकला.

"ते खरं होतं," लासूरकर म्हणाले.

"काय सर?"

"कडूबाईचं नाणं. अस्सल होतं. या खणातल्याचंच भावंड. फोटोत नाव बघ, पूर्ण आहे. तो फोटो पुरावा आहे. एवढा एकच आहे आता."

दीपमालानं फोटो पाहिला. मग खालचा अभिप्राय, सही, शिक्का. शिक्क्यावर शहराचं जुनं नाव होतं. तिनं लासूरकरांकडे पाहिलं. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. पदराच्या गाठी सोडणाऱ्या माणसांकडे ते स्वतः तीस वर्षं असंच पाहत आले होते, मायेनं आणि जरा घाईत.

"सर, तुम्हाला धक्का बसलाय. पाणी आणू का?"

"मी शुद्धीवर आहे. मी मुद्दाम खोटं लिहिलं."

"पण सर, उद्या मी हा फोटो कुणाला दाखवला, तर ते खालचं वाचणारच की. मराठवाड्यात नाण्यांवर तुमच्याइतका अधिकार कुणाचा नाही, हे मी माझ्या प्रबंधातच लिहिलंय. तुम्ही बनावट म्हणालात म्हणजे ते बनावट." तिनं फाइल टेबलावर ठेवली. "बदलायचं असेल तर एकच मार्ग आहे."

तिनं टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर पेन ठेवलं.

"लेखी द्या. जाणूनबुजून चुकीचा अभिप्राय दिला, कारण काय, तारीख, सही. मी आजच जावक करते. राजा वाचेल."

"आणि माझं?"

"चौकशी लागेल. पेन्शन थांबेल काही वर्षं. कडूआजीचं नाव येईल कागदावर." तिचा आवाज अजूनही मऊ होता. "कंसात तुमचंही येईल, सर. कुठल्या वाक्यात येईल ते सांगता येत नाही."

लासूरकरांनी पेन उचललं. 'मी, केशव' असं लिहायला काहीच अवघड नव्हतं. त्यांनी पेनचं टोपण काढलं. बाहेर कुणीतरी माईक तपासत होतं, हॅलो, हॅलो, चेक. चार वाजायला दहा मिनिटं होती. त्यांना प्रमोदिनीबाई आठवल्या, दोन्ही हातांनी टँकरचा पाइप धरलेल्या.

नानासाहेब स्वतः बोलवायला आले. "चला केशवराव, नारळ वाट बघतोय."

लासूरकरांनी टोपण परत लावलं. पेन खिशाला अडकवलं. पेन दीपमालाचं होतं. तिनं मागितलं नाही.

भाषणं नेहमीसारखी झाली. नानासाहेब म्हणाले, की माणसं बघायची असतील तर अशी बघा. एकेका वस्तूला पोटच्या पोरासारखं जपलं. तेरा तेरा वर्षं ज्या खणाचं सील शाबूत राहतं, असा खण महाराष्ट्रात दुसरा दाखवा. टाळ्या झाल्या. एक्केचाळीस अंशांच्या उन्हात लासूरकरांच्या खांद्यावर लोकरीची शाल पडली आणि ती त्यांनी काढली नाही. उत्तराच्या भाषणात ते चार वाक्यं बोलले. नाण्याला बोट कळतं, हे त्यातलं एक होतं. ते त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं.

निघताना चष्म्याचं घर राहिलं म्हणून ते खोलीत परत आले. दीपमाला शेवटच्या पानावर लिहीत होती. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं: 'खण क्र. ७. शिसे, भुकटी स्वरूपात. वजन ८.६ ग्रॅम. ओळख पटत नाही.'

"सही राहिलीय सर, इथं. देणाऱ्याची."

त्यांनी सही केली. सुरेख आली.

"सर्जेराव," दीपमाला मोजे काढत म्हणाली, "ती भुकटी नीट बांधून लोखंडी कपाटात ठेवा. उघडी नको."

सर्जेरावानं टेबलावर इकडंतिकडं पाहिलं. लासूरकरांच्या खुर्चीसमोर तो कोरा कागद तसाच पडला होता. त्यानं तो उचलला, उलटसुलट करून काही लिहिलेलं नाही ना हे पाहिलं, आणि देवळाबाहेर बुक्का बांधतात तशी छोटी, चापूनचोपून पुडी केली.

"वर काय नाव टाकू, साहेब?" त्यानं विचारलं.

लासूरकर शालीचं टोक सावरत होते. पावणेपाच झाले होते. टँकर यायची वेळ झाली होती.