बाईंच्या टेबलावरचा पारा

मी पाऱ्याचं बीपी मशीन बोलतोय. तुम्ही आत्ता चहा पिऊन तर आला नाहीत ना? नाही म्हणालात तरी मी लगेच विश्वास ठेवणार नाही. माणूस तोंडाने एक सांगतो आणि त्याचा दंड दुसरंच सांगतो, हे बघण्यातच माझा जन्म गेला.

मला पुण्याहून आणलं डॉक्टर यशोधराबाईंनी. त्या कोल्हारच्याच, बौद्धवाड्यातल्या. शिकून परत आल्या आणि गावाचा दवाखाना हवा म्हणून घरोघर फिरल्या. लोकांनी विटा दिल्या, ट्रॅक्टर दिले, अंगमेहनत केली, पण दंड मात्र कुणी पुढे करेना. काहींना माझी भीती होती आणि काहींना बाईंचा हात लागायला नको होता. हे दुसरे लोकही कारण माझंच सांगायचे.

रंगुबाई पहिल्यांदा आल्या त्या दंडाला पदर गुंडाळूनच.

"ह्ये रगत वढून घेतंय का?"

"रक्त जागच्या जागी राहतं, रंगुबाई. मिशरी लावता का?"

"न्हाई वो."

दात काळेभोर होते. बाईंनी वाद घातला नाही, माझा पट्टा बांधला. पुढे याच रंगुबाई जावेला, सुनेला हाताला धरून आणायला लागल्या. मग खाटा आल्या, बाळंतपणाची खोली झाली आणि दवाखान्याचं रुग्णालय झालं.

गेल्या वर्षी बाईंची भाची, डॉक्टर दीपा, रुजू झाली. येताना तिने बॅटरीवर चालणारी एक डबी आणली. बटण दाबलं की आकडा सगळ्या खोलीला दिसतो. माझं तसं नाही. ज्याच्या कानात स्टेथोस्कोप, त्यालाच ठोका ऐकू येतो, बाकीच्यांनी तो सांगेल ते मानायचं. दीपाचा मला दाट संशय होता. आधी ही मला कपाटात टाकणार, मग मावशीला घरी बसवणार.

यंदा गळीत हंगाम सुरू झाला आणि ऊसतोडीच्या गरोदर बायका फडाजवळच्या पाचटाच्या कोपीवरून थेट आमच्या दारात यायला लागल्या. बाईंना बसायला उसंत नव्हती. एका सकाळी त्या चालता चालता दाराची चौकट धरून थांबल्या. दीपाने ते पाहिलं.

"मावशी, बीपी बघू."

"मीच बघते. तू वॉर्डात जा."

दीपा गेली नाही. बाईंनी मला जवळ ओढलं, आपल्याच दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानात घातला आणि फुगा दाबला. ठोका लागला तेव्हा माझा पारा दोनशेच्या वर होता. बाईंनी तो नीट पाहिला. हवा सोडत त्या म्हणाल्या, "एकशे तीस. झालं समाधान?"

अख्ख्या कोल्हारवर संशय घेतला मी, बाईंवर कधी घेतला नाही. हंगाम संपेपर्यंत त्यांना उभं राहायचंय, हे मला कळतं. तरी मला त्यांचा राग येतो आणि फार भीती वाटते.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. दीपा मान डोलावते, पण दारातून एकदा मागे वळून बघते.

दीपा, घे संशय. अजून घे. मला खुशाल कपाटात टाक आणि तुझी ती डबी मावशीच्या दंडाला बांध. आजच बांध.