पहिल्या दुपारचे आवाज

सकाळचा जप पुरा होईपर्यंत थोरली सून बोलत नसे. तिचा हा नेम माहेरपासूनचा. आणि सासूबाईंना घशाच्या ऑपरेशननंतर बोलताच येत नव्हतं. त्यामुळे सकाळी घरात बोलणारा एकटा धाकटा मुलगा. दोघींच्या वाटणीचंही तोच बोलून टाकायचा.

सासूबाईंचं बोलणं कॉम्प्युटरमध्ये होतं. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा सुनेने त्यांना माइकपुढे बसवून एकेक वाक्य भरून घेतलं होतं. पडद्यावर चौकोन होते. चौकोनावर बोट ठेवलं की सासूबाई बोलत, अगदी त्यांच्याच आवाजात. ‘चहा टाक गं’ होतं, ‘दार लाव’ होतं, ‘तुला काही कळतंय का?’ तर दोन सुरांत होतं, एक लाडाने आणि एक खरं. थोरला मुलगा जहाजावर नोकरीला. रविवारी त्याचा फोन आला की ‘जेवलास का रे?’ या चौकोनावर पहिलं बोट पडायचं.

त्या रविवारी सकाळी धाकट्याने कॉम्प्युटर साफ करायला घेतला.

“आई, हा सुरू व्हायला लागतो तेवढ्यात माझी आंघोळ होते. तुझं जुनं खातं काढून टाकतो, कोरं करकरीत नवं देतो. बघच तू.”

सासूबाईंनी बोट ठेवलं. “सावकाश रे, कुणी मागे लागलंय का?”

“लागलंय ना, तूच!” तो हसला आणि त्याने प्रोग्रॅम बंद केला.

सून माळ हातात घेऊन दारात आली. तिने पडद्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे.

“वहिनी, खाणाखुणा नकोत. मला त्या तुमच्या देवाइतक्या नाही समजत.”

तिने फोनशेजारचा कागद ओढून त्यावर लिहिलं : आवाज?

“अहो, तेवढं कळतं मला. हे बघा.” त्याने प्रोग्रॅम जिथे बसवला होता ते फोल्डर उघडलं. आत ‘आवाज’ नावाचं आणखी एक फोल्डर होतं, त्यात फाइलींची रांग. “आहेत ना? प्रोग्रॅमच्या पोटातच आहेत. खातं गेलं तरी प्रोग्रॅम कुठे जात नाही, तो सगळ्यांचा असतो.”

सुनेने मान डोलावली आणि ती देवापुढे जाऊन बसली. पडद्याने विचारलं, या खात्याच्या फाइलीही काढायच्या का? धाकट्याने हो म्हटलं.

नवं खातं खरंच झटकन उघडलं. प्रोग्रॅमही उघडला. चौकोन मात्र सगळे रिकामे. सासूबाईंनी नेहमीच्या जागी बोट ठेवलं, तर कुणी तरी परकी बाई गोड आवाजात म्हणाली, “आपले स्वागत आहे.”

त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा स्वागत.

धाकट्याने पडद्यावरची कचऱ्याची टोपली उघडून पाहिली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मग ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मित्राला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“प्रोग्रॅम एका जागी असतो,” मित्र म्हणाला. “पण ज्याने जे भरलं, जे लावून घेतलं, ते त्याच्या त्याच्या खात्यात राहतं. तेही लपवलेल्या फोल्डरमध्ये, उगाच कुणाचा हात लागू नये म्हणून.”

“मग प्रोग्रॅमपाशी ‘आवाज’ म्हणून फोल्डर आहे ते काय?”

“जुनं असेल. आधीचे प्रोग्रॅम सगळं स्वतःजवळच ठेवायचे. मध्ये अपडेट आलं असेल, जागा बदलली असेल. खातं नुसतं काढलंस, की फाइलींसकट?”

धाकट्याने आईकडे पाहिलं.

“अरे बोल ना.”

“फाइलींसकट.”

“डिस्क नव्या पद्धतीची आहे का तुमची? तशी असली तर तिच्यावरून गेलेलं सहसा परत मिळत नाही रे. बघतो मी, पण आईंना आशा लावू नकोस.”

आई शेजारीच बसली होती. त्याने फोन ठेवला आणि तिच्या खुर्चीपाशी खाली बसला.

“आई, रागव. काही तरी म्हण.”

रागावायचा चौकोनही गेला होता. सासूबाईंनी कीबोर्डवर एकेक अक्षर शोधून शब्द जुळवला. परक्या बाईने तो वाचून दाखवला, रांगेत पुढच्याला बोलवावं तसा : “गाढवा.”

एरवी यावर घरभर हशा पिकला असता. धाकट्याने आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण पुन्हा काही लिहिलं नाही.

जप संपवून सून आली. तिने सगळं आतून ऐकलं होतं. माळेवर बोटं चालली, पण मन लागलं नव्हतं. तिचा त्या दिवसाचा पहिला शब्द होता, “भावजी, उठा. ते जुनं फोल्डर लावा.”

“त्यात काय असणार, वहिनी?”

“पहिल्या दुपारचं असेल. माइक कसा धरायचा तेही कळत नव्हतं आम्हाला. दुसऱ्या दिवशी ते अपडेट आलं, मग सगळं पुन्हा नीट भरलं.”

फाइली एकेक लावल्या. नुसती खरखर. खोकला. खुर्ची ओढल्याचा आवाज. सासूबाईंचं अर्धं हसू, आणि तिथेच तुटलेलं. ‘चहा’ होता, ‘टाक गं’ नव्हतं. धाकट्याला ऐकवेना, तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला. सून आणि सासूबाई खुर्च्या जवळ ओढून ऐकत राहिल्या.

मग एक लागलं. “जेवलास का— अगं, हे चालू झालंय का?” मागून सुनेचाच आवाज, “झालंय आई, बोला तुम्ही.” आणि संपलं.

सासूबाईंनी पहिल्या चौकोनाकडे बोट केलं.

“हे ठेवू? बिघडलेलं आहे, आई.”

त्यांनी पुन्हा तिथेच बोट केलं.

दुपारी थोरल्याचा फोन आला तेव्हा धाकटा स्वयंपाकघरात भांडी घासत होता. पडद्यावर त्याचा चेहरा हलत होता, मागे वारा. सुनेने अजून त्याला काही सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी बोट ठेवलं.

“जेवलास का— अगं, हे चालू झालंय का?”

तो खदखदून हसला. “झालंय आई, चालू झालंय! हे कधीचं गं? जेवलो, मासा होता. तू जेवलीस का?”

सासूबाईंचा हात पडद्यावर फिरला. ‘हो’ कुठेच नव्हतं, आणि परक्या बाईच्या आवाजात ते त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण चित्र मध्येच अडकलं होतं. त्याला दिसलं की नाही, कळेना.

“आई? जेवलीस का?”

त्यांनी पुन्हा त्याच चौकोनावर बोट ठेवलं. तेच शब्द, तोच खंड, तोच सुनेचा आवाज. या वेळी तो हसला नाही.

“आई, बाकीचं कुठे गेलं?”

नळ बंद झाला. धाकटा हात पुसत आला आणि आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. सून बोलायला लागली, तसं त्याने तिला हातानेच थांबवलं.

“दादा,” तो म्हणाला, “आई जेवली आहे. आणि बाकीचं मी सांगतो.”