थोरल्याचं टोक वर

बाळासोंना पत्र्यातलं कळत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर ते खोटं आहे. उद्यमनगरातल्या कारखान्यात बावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. लोखंडाची पट्टी नुसती हातात घेऊन ती किती सूत जाड ते सांगायचा. पण कळत असूनही माणूस नको ते करून बसतो, याचं कोल्हापुरात तरी कुणाला नवल वाटू नये.

घर मंगळवार पेठेत, कौलारू. चौऱ्याहत्तर साली दिवाळीनंतर दोघा भावांची वाटणी झाली. भांडण असं झालं नाही. धाकटा सयाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. थोरल्यापुढं त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. पुढच्या पडवीच्या, म्हणजे सोप्याच्या मधोमध कच्च्या विटांची भिंत उठली. आई, म्हणजे आक्का, एक महिना थोरल्याकडं आणि एक महिना धाकट्याकडं राहू लागली. फक्त देवघर सयाजीच्या वाट्याला गेलं आणि ते बाळासोंच्या मनाला लागलं. मास्तरानं थोरल्याला गुंडाळला, असं बोळात कुणीतरी बोलल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून बोळात कुणी हसलं, तरी ते आपल्यालाच हसतंय असं त्यांना वाटायचं.

वळचणीचं पाणी बोळात पडतं म्हणून शेजारी कटकट करायचे. दोघांनी मिळून पत्र्याची पन्हळ लावायची ठरवली. आपापल्या बाजूचा तुकडा ज्यानं त्यानं आणायचा. गटार बाळासोंच्या कोपऱ्यावर होतं. म्हणजे पाणी सयाजीकडून बाळासोंकडं यायचं, आणि दोन तुकड्यांचा सांधा नेमका मधल्या भिंतीच्या डोक्यावर.

मे महिन्यात पिराजी पत्रेवाला शिडीवर चढला आणि वरूनच म्हणाला, "मास्तरांचं टोक वर ठेवतो, मालक. पाणी तिकडनं येतंय न्हवं? येणारा तुकडा जाणाऱ्याच्या पोटात बसवला की पाणी कुठं अडत न्हाय."

बाळासो खाली उभे होते. बोळात पाच-सहा माणसं तमाशा बघत होती.

"म्हंजे धाकट्याचं थोरल्याच्या उरावर?"

"पन्हळीला कुठलं आलंय थोरलं-धाकटं?"

"पन्हळीला नसंल. घराला हाय. माझं टोक वर बसीव."

"उलटा सांधा मी लावणार न्हाय. उद्या पाणी तुंबलं की लोक माझ्या नावानं बोंब मारत्याल," असं म्हणून पिराजी खाली उतरला, आपली हत्यारं पोत्यात भरली आणि चालू लागला.

मग बाळासो स्वतः चढले. आपल्या तुकड्याचा काठ मजबुतीसाठी दोनदा दुमडला, चार बोटं सयाजीच्या तुकड्यात वरून बसवला, रिबिटा ठोकल्या आणि कथलाचा डाख दिला. काम सुबक झालं, त्यात वाद नाही. शिडी धरून खाली सयाजी उभा होता.

"बरोबर हाय न्हवं?" बाळासोंनी विचारलं.

"तुमी म्हणाल तसं, आण्णा," सयाजी म्हणाला.

पावसाळा लागला. सांध्यातून थेंब गळला नाही. बाळासो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट करून दाखवायचे. पण दुमडलेल्या काठाचा पन्हळीत उंबरा झाला होता. कौलांवरचं शेवाळ आणि पिंपळाची पानं त्याला येऊन अडकायची, पाणी तुंबायचं आणि मागच्या काठावरून सयाजीच्या बाजूला भिंतीत उतरायचं. आठ दिवसांनी शाळेला जाताना सयाजी सायकल धरून दारात थांबला.

"आण्णा, सांध्याजवळ पाणी तुंबतंय. भिंत वली हुत्या."

"डाख बघ की! एक ठिपका पडतोय का? तुझ्या कौलांचं बघ आदी."

सयाजी गेला. आणि खरं सांगायचं तर बाळासोंना त्याच वेळी कळलं. पाणी कुठं अडलंय आणि का, ते त्यांना शिडी न लावता दिसलं. पण डाख काढायचा म्हणजे बोळादेखत काढायचा, पिराजीच्या कानावर जायचं, आणि शेवटी धाकट्याचं टोक वर बसायचं. ते त्यांच्या गळी उतरेना. दोन-चार दिवस जाऊ देत, बघू, असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी पन्हळीकडं मान वर करून बघणंच सोडलं. बायको, शालूबाई, एकदा म्हणाली, "भिंत फुगल्यागत दिसत्या वो." तिच्यावर ते असे खेकसले, की तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी, कारखान्याला सुट्टी होती तेव्हा, दुपारी बाळासो जेवायला बसले होते. धप्प आवाज झाला. ते उष्ट्या हातानं सोप्यात आले. भिंतीचं पुढचं टोक छातीइतक्या उंचीवरून खचलं होतं, आणि चिखल पलीकडं सयाजीच्या सोप्यात पसरला होता.

वाटणी झाल्यापासून ते त्या बाजूला गेले नव्हते. आता चिखल तुडवत गेले. पावसासाठी बांधलेल्या बांबूच्या तट्ट्यांमुळं आत अंधारलं होतं. भिंतीच्या कडेनं घमेलं, पातेली, मुलांच्या आंघोळीची बादली अशी रांग लावलेली. सयाजीची पुस्तकं गाठोड्यात बांधून आढ्याला टांगलेली. जमीन खणून पाण्याला बाहेर जायला चर काढलेला. आणि आतल्या भिंतीला सरकवलेल्या बाजेवर पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन आक्का बसली होती. बाळासोंनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.

"ह्ये पाणी किती दीस झालं येतंय?"

"म्हैना हुईल."

"मला का सांगिटलं न्हाईस?"

"सयानं शप्पथ घातल्ती," आक्का म्हणाली. "आण्णाला पुन्यांदा सांगायचं न्हाय म्हणाला. त्येंला वाटंल मी चूक काढाय लागलोय. रोज शिडी लावायचा, पानं काढायचा, खाली यायचा. म्या म्हटलं, मोड की त्यो सांधा. तर म्हणाला, आण्णांनी लावलेला मी कसा मोडू?"

"चल, माझ्याकडं चल. तिकडं कोरडं हाय."

"ह्यो म्हैना सयाचा हाय," आक्का म्हणाली आणि तिनं खोळ पुढं ओढली.

बाळासोंना आपलीच लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. भर पावसात त्यांनी शिडी लावली, छिन्नी-हातोडी घेऊन चढले आणि डाखावर घाव घालू लागले. बोळातली माणसं दारांत येऊन उभी राहिली. राहू देत. रिबिटा तुटल्या, काळं पाणी आणि कुजलेली पानं त्यांच्या अंगावर आली.

सयाजी सायकल ढकलत आला तेव्हा ते दोन्ही टोकं हातात धरून वर उभे होते. त्यानं पडलेली भिंत बघितली, मग वर बघितलं.

"आण्णा, ऱ्हाऊ द्या आता."

"तुझं टोक वर घालतोय. आज, आत्ता."

"आमी गारगोटीला चाललोय. बदली मागून घेतली. आज कागद आला. आक्काबी येत्या आमच्यासंगं."

बाळासोंचा हात थांबला. पाणी दोन टोकांमधून सरळ खाली पडू लागलं.

"एकदाच सांगिटलंस," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा का न्हाय सांगिटलंस, सया?"

"दुसऱ्यांदा सांगिटलं असतं, तर काढला असता तुमी?"

'व्हय' हा शब्द बाळासोंच्या जिभेवर आला होता. पण भावाशी ते कधी खोटं बोलले नव्हते.

"न्हाय," ते म्हणाले.

सयाजीनं मान हलवली. सायकल मातीच्या ढिगाऱ्याला टेकवली आणि आक्काचं सामान बांधायला तो आत गेला.