चहाच्या डागाची विहीर

मी निरवांगी गावातल्या स्वरूपा नावाच्या मुलीने काढलेले एक अमूर्त चित्र आहे. अमूर्त म्हणजे ज्यात झाड, घर, मोर असे काहीच ओळखू येत नाही ते. मित्रांनो, नव्या चित्रकाराच्या हातून जन्म घ्यायचा म्हणजे फार हाल असतात. माझ्या जाड कागदावर आधी रानातली काळी माती चोपडली गेली, मग चुलीतला कोळसा, त्यावर काकवी, आणि शेवटी वेडावाकडा लाल दोरा शिवला गेला. काकवीमुळे मला कौतुकाआधी मुंग्या लागल्या. चहाच्या कपाचा गोल डाग तेवढा चुकून पडला. स्वरूपाने तोही राहू दिला.

"ह्यात काय हाय, ते मला एकदा दाव. न्हायतर हे बंद, अन् जूनपासनं नर्सिंगला जायाचं," तिचे वडील संभाजीराव म्हणाले. तिला काही सांगता येईना. मला फार वाईट वाटले, कारण मलाही ते माहीत नव्हते.

बारामतीच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर वाळत होते. शेजारच्या रानाचे मालक महिपतीतात्या चहाला आले आणि मला बघून थबकले.

"संभाजीराव, मोजणी कवा आणली? आमाला नोटीस न्हाय, काय न्हाय!"

"कसली मोजणी?"

"मग ह्यो नकाशा कशाचा? लाल रेघ बांधाची. अन् माझी हीर तुमच्यात कशी गेली?"

त्यांचे बोट चहाच्या डागावर होते. संभाजीराव वाकून बघू लागले. आठवडाभर ज्यांना माझ्यात काही दिसत नव्हते, त्यांना आता वावर, पाट, सगळे लख्ख दिसले.

"रेघ बराबर हाय, तात्या. बांध तुमीच कोरलाय!"

तात्यांनी खिशातले पेन काढून माझ्यावर आपला खरा बांध ओढला. स्वरूपा धावत आली आणि रडकुंडीला आली. रेघ पुसावी तर माती निघेल. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि रेघ तशीच ठेवली.

प्रदर्शनाला तात्याही आले. त्यांनी आणि संभाजीरावांनी माझ्यासमोर पुन्हा वाद घातला, आणि सगळी गर्दी माझ्याकडेच लोटली. कुणीतरी विचारले, "यात काय आहे हो?" संभाजीराव पाऊण तास समजावत होते. स्वरूपाने डागाचे नाव काढले नाही. मित्रांनो, चित्रासमोर खुशाल भांडा, पण आम्हाला हात लावू नका. आमची माती लगेच निघते.

परतताना संभाजीराव मला मांडीवर धरून एसटीत बसले. गाव जवळ आल्यावर त्यांनी माझ्यातल्या विहिरीशेजारची मोकळी जागा निरखली. मग हळूच म्हणाले, "स्वरूपा, फुडच्या चित्रात गोठा बी घे."