एर्गाशमामाचा चुकून झालेला नवस

माझ्या मामाचं जास्त प्रेम कुणावर, आमच्या तेराकलीच्या फुटबॉल संघावर की गुलदुर नावाच्या मेंढ्यावर, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती. शनिवारी संघ स्टेडियममध्ये हरायचा, रविवारी गुलदुर बाजारामागच्या मैदानात झुंज जिंकायचा, आणि मामाचे दोन दिवस मिळून सरासरी ठीक जायचे.

गुलदुर म्हणजे गडगडाट. तो धावत येऊन समोरच्या मेंढ्याला टक्कर द्यायचा तेव्हा खरंच तसा आवाज व्हायचा. झुंजीत तो कधीच हरला नव्हता. घरी मात्र तो मामीचे गुलाब खायचा आणि मामा त्याला आपल्या हाताने जर्दाळू भरवायचा. मामीला मामाने शेवटचा जर्दाळू कधी भरवला, यावर त्या दोघांत मतभेद आहेत.

नवसाचं असं झालं. संघ तळाच्या संघाकडून घरच्याच मैदानावर हरला होता आणि मोहल्ल्यातली माणसं चहाखान्यात पुलाव खात बसली होती. ताटं उचलली गेली. सोतीबोबो, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, यांनी जेवणानंतरच्या प्रार्थनेसाठी तळवे उघडले. सगळ्यांनी उघडले. नेमकं तेव्हाच हामदाम खाटकाने मामाला, ज्याला सगळे अका म्हणजे दादा म्हणतात, डिवचलं, "काय अका, तुमची पोरं घरी जिंकलेली बघायला मिळेल का हो या जन्मात?"

मामा तळवे उघडे ठेवूनच खवळला. "ही? ही पोरं घरी जिंकली ना, तर त्याच दिवशी गुलदुर कापतो आणि सगळ्या मोहल्ल्याला जेवायला घालतो!"

म्हणजे कधीच नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पण सोतीबोबोंना हल्ली आवाजाचा सूर कळत नाही, फक्त शब्द कळतात, आणि शब्द तर फार पुण्यकर्माचे होते. ते म्हणाले, "ओमिन," म्हणजे तसंच होवो. प्रार्थना पक्की करायला सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले. मामाचाही फिरला. मी तिथे नव्हते, पण हा प्रसंग मी पाच जणांकडून वेगवेगळा ऐकला आणि इतर तपशील जुळत नसले तरी या एका बाबतीत पाचही जणांचं एकमत आहे. हाताला सवय असते. तळवे उघडे असले आणि ओमिन कानावर पडलं की तो तोंडावरून फिरतो, शिंक आली की डोळे मिटतात तसा.

दुसऱ्या दिवशी मामा बोबोंकडे गेला. म्हणाला, "बोबो, मी चेष्टेत बोललो हो."

"तोंडाने चेष्टा होते," बोबो म्हणाले. "हातांनी कोण चेष्टा करतं?"

मामा तसाच घरी परतला. आधार मात्र होता. पुढचा घरचा सामना सारिकुमशी होता, आणि सारिकुम त्या हंगामात कुणाकडूनच हरलं नव्हतं. "काळजी करू नकोस, भाचे," तो मला म्हणाला. "आपली पोरं भरवशाची आहेत. हरणारच."

सामन्याच्या दिवशी मामीने मला बाजूला घेतलं. "तू जा त्याच्याबरोबर. आज हा माणूस काहीतरी करणार." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि जाता जाता हामदामच्या बायकोकडे मोठी कढई सांगून ठेव."

"मामी!"

"अगं, सांगून ठेवायला काय जातंय?"

आमच्या स्टेडियमला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, त्यामुळे प्रत्येक जण घरून बसायला पातळ गादी आणतो. आम्ही नेहमीच्या जागी, मैदानाला अगदी लागून, गादी टाकली. मामाने किटली आणि चहाचे वाडगे मांडले. मागच्या पायरीवर हामदाम सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. त्याने पुढे वाकून मामाचा खांदा दाबून पाहिला.

"हात काढ," मामा म्हणाला.

"बघत होतो, अका. मालकासारखंच असेल ना जनावर? खांदा बरा निघेल."

"मला शेपटीची चरबी," त्याच्या शेजारचा म्हणाला.

"शेपटीची माझ्या सासऱ्यांना सांगितलीय."

"तुझ्या सासऱ्यांना दात तरी आहेत का?"

"म्हणून तर चरबी!"

समोरच्या बाजूला सारिकुमहून बस करून आलेली मोजकी माणसं ढोल वाजवत होती. नवसाची बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती, कारण त्यांनी मैदानापलीकडून हात हलवायला सुरुवात केली. "अका! इकडे या! आज तुम्ही आमचे!"

मामाने मान फिरवली. पण मी पाहिलं, की मान फिरवायच्या आधी त्याने त्यांच्याकडे किती जागा शिल्लक आहे ते बघून घेतलं होतं.

पहिला अर्धा तास सगळं नेहमीसारखं गेलं. आमच्या एकाने रिकाम्या गोलसमोरून बॉल झाडांवर मारला. एरवी अशा वेळी मामा त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आज तो टाळ्या वाजवत उठला. "सुरेख! जमतंय बेटा, जमतंय!" थोड्या वेळाने रेफरीने आम्हाला फ्री किक दिली, तर मामा ओरडला, "आंधळा आहेस का रे? बॉललाच लागला पाय! आम्हाला कसली देतोस?" आपल्याच बाजूने दिलेल्या निर्णयावर भांडणारा माणूस आमच्याकडे यापूर्वी कुणी पाहिला नव्हता. रेफरीनेही नसावा, कारण तो काही क्षण शिट्टी तोंडात धरून मामाकडे बघत राहिला.

मध्यंतरानंतर वारा सुटला. आमच्या खोऱ्यात दुपारनंतर खिंडीतून जो वारा येतो तो वाळत घातलेली चादर तिसऱ्या घरी पोचवतो. आमचा कर्णधार दोनियोर बचावपटू आहे आणि त्याला एकच गोष्ट नीट येते, बॉल आपल्या गोलपासून जमेल तितका लांब उडवणं. त्याने तो उडवला. बॉल उंच गेला, वाऱ्यात सापडला आणि वर गेल्यावर वळला. सारिकुमचा गोलकीपर पुढे आला, थांबला, मागे सरकला, पुन्हा पुढे आला. बॉल त्याच्या मागे जमिनीवर पडला, एक टप्पा घेतला आणि सावकाश, जणू पत्ता विचारत, गोलमध्ये गेला.

क्षणभर कुणालाच खरं वाटलं नाही. मग अख्खं स्टेडियम उठलं. मामाही उठला. दोन्ही हात वर गेले, तोंड उघडलं, आणि मग ते तसंच उघडं राहिलं. तो हळूच खाली बसला.

"गोल आहे का?" त्याने मला विचारलं.

"आहे, मामा."

"वारा होता. वाऱ्याचा गोल धरतात?"

"धरतात."

"हं." त्याने वाडग्यात चहा ओतला. चहा वाडग्याबाहेर पडत होता, ते त्याला दिसत नव्हतं.

मागे हामदाम कुणाला तरी कांदे किती लागतील ते सांगत होता.

त्यानंतर सारिकुमने आमच्यावर जो हल्ला चढवला, तो मी मामाच्या चेहऱ्यावरच पाहिला. त्यांचा बॉल आमच्या गोलजवळ आला की मामाच्या डाव्या गालावर आशा यायची आणि उजव्या हाताची मूठ भीतीने आवळायची. बॉल खांबाला लागून परत आला तेव्हा तो एकाच दमात "वाचलो" आणि "मेलो" म्हणाला. मला वाटतं दोन्ही खरं होतं.

सामना संपत आला होता. आमच्यातल्या कुणीतरी घाबरून बॉल बाहेर मारला. तो पायरीवर आपटला, उडाला आणि नेमका मामाच्या मांडीत येऊन पडला.

सारिकुमचा एक घामाघूम पोरगा धावत आला आणि हात पुढे करून उभा राहिला. "अका, बॉल! लवकर, अका!"

समोरून ढोल थांबले. "द्या अका!" तिकडून आवाज आला. "द्या! गुलदुर वाचेल!"

आमच्या बाजूला हामदामच्या बियासुद्धा थांबल्या. मामाने मांडीतल्या बॉलकडे बघितलं. बॉल पटकन दिला असता तर त्यात कुणाला काही गैर म्हणता आलं नसतं. आणि त्या पोरांना घाई होती, अजून थोडा वेळ शिल्लक होता, आमचे निम्मे खेळाडू कंबरेवर हात ठेवून धापा टाकत होते.

मामाने गादीचं टोक उचललं, बॉल खाली सारला आणि त्यावर बसला.

"अका!" तो पोरगा किंचाळला.

"काय रे?"

"बॉल!"

"कुठला बॉल?" मामा जरा उंचावर बसलेला दिसत होता आणि डुलत होता. "किती घाम आलाय तुला. बस बेटा. चहा घे."

त्याने खरोखर वाडगा भरून पुढे धरला. पोरगा रडकुंडीला येऊन गादी ओढायला लागला. मामा जाडा नाही, पण मनात आणलं तर जड होऊ शकतो. स्टेडियममध्ये असा काही गोंधळ उठला की झाडांवरचे कावळे उडाले. शेवटी रेफरी स्वतः आला. मामाने त्यालाही चहा विचारला. रेफरीने खिशात हात घातला आणि दुसरं काय करावं हे न सुचून मामाला पिवळं कार्ड दाखवलं.

"मला?" मामा एकदम उभा राहिला. एवढा मान त्याला आयुष्यात कुणी दिला नव्हता. बॉल घरंगळत मैदानात गेला.

पण याचा हिशेब पुढे चुकता झाला. मामाने खाल्लेला वेळ रेफरीने सामन्याला जोडला, आणि त्या जोडलेल्या वेळातच दोनियोरने सारिकुमच्या एकाला गोलसमोर पाडलं. पेनल्टी.

"माझ्यामुळे," मामा पुटपुटला. त्याने माझा हात धरला. "भाचे, माझ्यामुळे झालं हे. बसलो नसतो तर आत्ता आपण जिंकलो असतो."

"मामा, पण गोल झाला तर गुलदुर..."

"गुलदुरला काय झालंय?" तो माझ्यावरच खेकसला. मेंढा कुठल्या नात्याने मध्ये आला, हेच त्याला त्या घडीला आठवत नव्हतं. "शेरमत! उजवीकडे जा! शेरमत, उजवीकडे!"

आमचा गोलकीपर शेरमत उजवीकडे गेला नाही. तो कुठेच गेला नाही. तो जागच्या जागी डोळे मिटून उभा राहिला आणि बॉल येऊन त्याच्या तोंडावर आदळला. त्याच्या नाकातून रक्त आलं, बॉल बाहेर गेला आणि शिट्टी वाजली.

मामा मैदानात सगळ्यांच्या आधी पोचला. त्याने शेरमतच्या रक्ताळलेल्या नाकाचा मुका घेतला, दोनियोरचा घेतला, रेफरीचाही घेतला. लोकांनी त्याला खांद्यावर उचललं. तो वरून काहीतरी ओरडत होता आणि रडत होता. खाली उतरवलं तेव्हा समोर हामदाम उभा होता. त्याने बाह्या वर केल्या होत्या.

"चला, अका," हामदाम हळुवारपणे म्हणाला.

मोहल्ल्यात सगळे आमच्या दारात जमले. गुलदुर अंगणात गुलाब खात होता. मामाने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो कुणाकडेच बघेना. मग सोतीबोबो पुढे झाले आणि त्यांनी घसा साफ केला.

"एर्गाश," ते म्हणाले, "माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्या दिवशी तू 'गुलदुर कापतो' म्हणालास की 'मेंढा कापतो' म्हणालास, ते मला नक्की आठवत नाही. मेंढा म्हणाला असशील तर बाजारात पुष्कळ आहेत."

सगळ्यांना ते आठवत होतं. हामदामलाही. पण हामदाम खाली बघत चाकू पुसत राहिला. मामीसुद्धा, इतके गुलाब गमावूनही, म्हणाली, "मेंढाच म्हणाला असेल. हा नीट बोलतो कधी?"

मी मामाचा चेहरा बघत होते आणि मला वाटलं, झालं, सुटला.

"आणि त्यांनी निकाल फिरवला तर?" तो म्हणाला.

"कुणी?"

"कुणीही! फुटबॉल संघटना. देव. मी इथे शब्द फिरवायचा, आणि उद्या तिकडे कुणी म्हणायचं की दोनियोरच्या गोलच्या वेळी वारा जास्त होता." त्याने गुलदुरच्या मानेवरचा हात काढला. "नाही बोबो. मी गुलदुर म्हणालो होतो."

गुलदुर त्याच संध्याकाळी कापला, आणि दुसऱ्या दिवशी जेवण होतं. संघ पाहुणा म्हणून बोलावला होता आणि सगळे खेळाडू स्वच्छ शर्ट घालून रांगेत बसले होते. मांस पहाटेपासून शिजत होतं. सकाळी हामदामने सुरी टोचून पाहिली आणि अजून लाकडं मागवली. अकराला पुन्हा टोचली आणि सुरीकडे बघितलं. दुपारी लोकांना धीर धरवेना, तेव्हा वाढलं.

मामाने काही घेतलं नाही. तो दाराशी, पाठ भिंतीला लावून, पडलेल्या चेहऱ्याने बसला होता.

शेरमतने सुजलेल्या तोंडात एक तुकडा घातला आणि लगेच बाहेर काढला. मधल्या फळीतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि चावणं थांबवलं. एकाने तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, मग परत आणला, मग तोंडावर रुमाल धरून अंगणाबाहेर गेला. बोबो दातांच्या अभावी फक्त शोरवा पीत होते आणि शोरवा उत्तम आहे असं म्हणत होते.

"काय रे हामदाम, काय हे?" कुणीतरी विचारलं.

"मी काय करू?" हामदाम कपाळ पुसत म्हणाला. "मी मेंढे कापतो. पैलवान कापत नाही."

मामाने मान वर केली. त्याने रांगेवरून नजर फिरवली. एकेका ताटात तुकडे होते तसेच होते, फक्त आता त्यांच्यावर दातांच्या खुणा होत्या. मामा भिंतीपासून पुढे सरकला. मग गुडघ्यांवर आला. आता फक्त दोनियोर लढत होता. संघात सगळ्यात दणकट जबडा त्याचाच. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तो मांड्यांवर मुठी रोवून चावत होता.

"तग धर, गुलदुर," मामा पुटपुटला. मग जरा मोठ्याने, "तग धर! हरू नकोस! धर, माझ्या राजा!"

अख्खा मोहल्ला वळून त्याच्याकडे बघायला लागला. दोनियोरने अजून दोनदा जबडा हलवला. मग तो थांबला, हात वर केले आणि तुकडा ताटात ठेवला.

मामा उठून उभा राहिला आणि स्टेडियममध्ये ओरडतो तसा, दोन्ही हात आभाळाकडे करून ओरडला, "एक-शून्य!"