मी कुणाचंही संकट घेतलेलं नाही

मी एक जुना काळा मासा आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. मनीषनगरातल्या ज्या घरात मी राहतो, तिथे माझ्याआधीचा एकही काळा मासा वर्षभर टिकला नाही. म्हणून मी स्वतःला जुना म्हणवतो, आणि त्याचा मला जराही संकोच वाटत नाही.

घरमालक मधुकररावांचं लकडगंजात लाकडाचं दुकान आहे. धंदा मंदावला तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, ईशान्य कोपऱ्यात मासे ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. सोनेरी लक्ष्मी आणतात आणि काळा घरावरचं संकट स्वतःवर घेतो. झालं, दोन फुटांची काचेची टाकी आली आणि तिच्यात नऊ मासे कोंबले गेले. खरं तर तिच्यात आमच्यासारखे दोनच सुखाने राहतात.

मित्रांनो, मी आलो तो चौथा काळा. आधीच्या तिघांची कीर्ती मी त्याच घरात ऐकली. पहिला मेला त्या दिवशी मधुकररावांची स्कूटर घसरली, पण त्यांना खरचटलंही नाही. दुसरा गेला त्या आठवड्यात त्यांची मुलगी अश्लेषा तापातून उठली. तिसऱ्याच्या वेळी काहीच सापडेना, तेव्हा मधुकररावांच्या बायकोने, शोभाताईंनी, न आलेलं संकट त्याच्या नावावर टाकलं. प्रत्येकाला हात जोडले गेले आणि संध्याकाळपर्यंत नवा काळा हजर. मला त्या कौतुकाचा संताप आला. मी तेव्हाच ठरवलं, आपण मरायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. माझे डोळे बाहेर आलेले, नजर अधू, शेपटी जड. सोनेरी मासे सडपातळ आणि चपळ. दाणे माझ्या तोंडाशी येईतो ते फस्त करत. त्यांच्यावर माझा राग नाही, जागा त्यांनाही पुरत नव्हती. नऊ जणांच्या घाणीने पाणी सडायचं. आम्ही हवेसाठी वर येऊन तोंडाची उघडझाप करायचो. शोभाताईंना वाटायचं आम्ही भुकेले आहोत, आणि त्या आणखी मूठभर दाणे टाकायच्या.

गेल्या मे महिन्यात पाणी कोमट झालं. एका दुपारी वीज गेली, हवेचे बुडबुडे बंद पडले आणि पाच सोनेरी मासे उलटे झाले. मीही आडवा पडलो. घरावर फारच मोठं संकट होतं, असं म्हणत शोभाताईंनी हात जोडले. मधुकरराव सहा नवे मासे आणायला चपला घालू लागले. त्यातला सहावा माझ्या जागी येणारा काळा होता. मी अजून श्वास घेत होतो.

तेवढ्यात घरकामाच्या कांताबाईंनी मला ओंजळीत उचललं आणि झाडांसाठी आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीत सोडलं.

“संकट कायचं आलं ताई,” त्या म्हणाल्या. “आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत सात जण राहतो. दम कायनं कोंडते ते मले माहीत आहे. पाण्याचा वास तर घेऊन पाहा.”

शोभाताईंनी वास घेतला. मग त्यांनी मधुकररावांच्या चपला उचलून परत कपाटात ठेवल्या.

उरलेले तीन सोनेरी मासे अश्लेषाने भिवापूरला मावशीच्या अंगणातल्या मोठ्या हौदात नेऊन सोडले. माझ्यासाठी माझ्यासारखाच बटबटीत डोळ्यांचा, सावकाश पोहणारा जोडीदार आणला. आता दर आठवड्याला थोडं पाणी बदलतात आणि दाणे मोजून टाकतात.

या दिवाळीत मधुकरराव जिन्यावरून पडले आणि त्यांचा हात मोडला. प्लास्टर घालून आले ते थेट टाकीसमोर उभे राहिले.

“हा अजून जिवंतच आहे?”

मी काचेला तोंड लावून शेपटी हलवली.

“पाय तुमचा घसरला,” शोभाताई म्हणाल्या. “त्यानं काहून मरावं?”

मित्रांनो, मासा आणण्याआधी तो केवढा वाढतो, कुणासोबत नांदतो आणि तुमच्या टाकीत किती मावतात, एवढं विचारा. मीही कधीतरी म्हातारा होऊन मरेन. तेव्हा हात जोडू नका, आणि त्या दिवशी घरातलं काय टळलं ते शोधत बसू नका. ते मरण माझं असेल.