तांबडीचा ठसका

“कोण खोकलं?” ट्रेनर तबेल्याच्या दारातच थांबला.

“मीच की, साहेब,” म्हातारा मोतद्दार म्हणाला आणि खात्रीसाठी आणखी दोनदा खोकला. त्याच्यामागे तांबडी घोडी साळसूदपणे उभी होती.

बायको गेल्यावर घरात बोलायला भिंतीच उरल्या, तेव्हा म्हाताऱ्याने आपली खाट तांबडीशेजारच्या खोलीत आणून टाकली होती. तांबडी अशी पळायची की तिची सावली दुसऱ्या दिवशी धापा टाकत तबेल्यात पोचायची. खोटं वाटत असेल तर सावलीलाच विचारा. पण महिनाभर ती शर्यतीत शेवटच्या वळणावर मागे पडत होती. दाणा खाताना एखादा ठसका, बस्स. खोकणारं जनावर ट्रेनर दूरच्या कुरणावर धाडायचा. म्हणून ती खोकली की म्हातारा तिच्यावर आवाज चढवून खोकायचा. लोकांनी कीव येऊन त्याला मध दिला. तो तांबडीने चाटला.

आज घोड्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी तांबडीच्या छातीला नळी लावली. “आवाज स्वच्छ आहे. खोकते का?”

“छे! खोकतो तो हा म्हातारा,” ट्रेनर हसला.

“मग रविवारी पळवा.”

तांबडीच्या नाकपुड्या उभ्या जागी फुलत होत्या. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं.

“बाई, मी धडधाकट आहे,” तो म्हणाला. “खोकते ती.”

मग तांबडीच्या नाकातून घशात नळी गेली, पाणी सोडून परत ओढलं, तपासलं.

“श्वासनळीला सूज आहे. दम्याची सुरुवात. बरी होईल. पण इतकी धूळ हिच्या नाकात जाते कुठून? हिच्या पायाखालचा पेंढा कोण झाडतं?”

“मीच!” म्हाताऱ्याची छाती फुगली. “बाकीचे एकदा झाडतात, तेही घोडा बाहेर काढून. मी तीनदा. ती समोर असतानाच, अगदी नाकाखाली. मऊ लागायला नको?”

बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं.

“आजपासून भिजवून घालतो, बाई. पाहिजे तर पेंढाच नको.”

“काका, आता हिला छप्परच नको. मोकळी हवा हवी.”

“कुरणावर माणसं आहेत,” ट्रेनर म्हणाला. “तुम्ही इथला नवा घोडा बघा.”

सकाळी कुरणावर न्यायला गाडी आली. तिघांनी ओढलं, चुचकारलं, शिव्या घातल्या. तांबडी फळीवर पाय ठेवेना. शेवटी म्हातारा पुढे चढला. ती निमूट त्याच्यामागे आत गेली. त्याने तिला बांधलं, तिच्या मानेखालून वाकून तो पुढच्या छोट्या दाराने खाली उतरला, आणि बाहेरून कडी लावली.